पाईपचं दुसरं टोक

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिसाला टेकला की शहाणी माणसं कूलरपुढे ठाण मांडतात. प्रेमिलाबाई रामटेके मात्र डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून आपल्याच दारात उभ्या राहून रस्त्याला शिव्या घालत होत्या. तेही, जो अजून झालाच नव्हता त्या रस्त्याला.

कामठी रोडवरून आत वळलं की सुजाता लेआउट लागतं. त्यातल्या शेवटच्या गल्लीत बारा घरं आहेत आणि बाराही घरं प्रेमिलाबाईंचे यजमान देवराव मिस्त्री यांनी बांधलेली. बांधली देवरावांनी, असं गल्ली म्हणते. प्रेमिलाबाईंनी फक्त विटा वाहिल्या, रेती चाळली, माल कालवला, भिंतींना पाणी मारलं, आणि हे सगळं करून घरी गेल्यावर चूल पेटवली. मिस्त्रीच्या हाताखाली काम करणाऱ्या बाईला इकडे रेजा म्हणतात. प्रेमिलाबाई कन्हानजवळच्या खेड्यातून अठराव्या वर्षी लग्न होऊन आल्या आणि आठव्या दिवशी घमेलं डोक्यावर घेतलं. रामदासपेठेतल्या एका दवाखान्याच्या चौथ्या मजल्यावर आज पेशंट एसीत झोपतात, त्या मजल्याची सगळी रेती त्यांच्या मानेवरून वर गेली आहे. मान अजूनही सांगते.

पण त्यांचं खरं काम वेगळं होतं. घराची पातळी बघायला मिस्त्री लोक पाण्यानं भरलेला लांब पाईप वापरतात. पाणी कुणाच्या बापाला भीत नाही, ते दोन्ही टोकांना सारख्याच उंचीवर उभं राहतं. एका टोकाशी मिस्त्री, दुसऱ्या टोकाशी धरणारा. धरणाऱ्यानं पाणी खुणेवर आणायचं, ते स्थिर झालं की ओरडायचं, “थांबलं!” मग मिस्त्रीनं आपल्या बाजूला रेघ मारायची. तीस वर्षं ते दुसरं टोक प्रेमिलाबाईंच्या हातात होतं. हात खांद्याच्या वर, मुंगीसुद्धा झटकायची नाही, आणि पाणी थांबल्याशिवाय “थांबलं” म्हणायचं नाही. देवराव त्यांच्याकडे वळून पाहतसुद्धा नसत. आवाज आला की रेघ.

तर रस्ता. गल्लीत डांबर दोनदा पडलं आणि दोन्ही वेळा जुन्या रस्त्याच्या उरावरच पडलं. रस्ता चढत गेला, घरं होती तिथेच राहिली. मागच्या पावसाळ्यात रामटेक्यांच्या घरात घोटाभर पाणी शिरलं आणि नवराबायको दोन दिवस पलंगावर पाय वर घेऊन बसले होते, धान्याचा डबा मधे ठेवून. आता सिमेंटचा रस्ता मंजूर झाला होता. ठेकेदाराच्या मुकादमानं, चंद्रभाननं, गल्लीभर लोखंडी खुंट्या ठोकून सुतळी ताणली. सुतळी जिथे, तिथे नव्या रस्त्याचा माथा. प्रेमिलाबाईंनी उंबरठ्यावर बसून डोळा सुतळीला लावला. सुतळी त्यांच्या फरशीपेक्षा वर होती. म्हणजे पाऊस आला की घराचं टाकं होणार.

समोरचे गणपतराव गांधीबागेत कापडाचे व्यापारी. माणूस वाईट नाही, पण बोलणं कात्रीसारखं. ते देवरावांना म्हणाले, “मिस्त्री, पंचवीस वर्षांआधी तुमीच म्हटलं होतं मले, दोन फूट जोतं बस झालं. आता पोहायले शिकू का?”

देवरावांच्या ते जिव्हारी लागलं. रस्ता वाढत जाईल हे कोणत्या मिस्त्रीला सुचतं? पण शब्द त्यांचाच होता, आणि गल्लीतल्या बारा घरांनी तो खरा मानला होता. गुरुवारी रस्त्याच्या कामावरच्या इंजिनिअर सोनिका मॅडम येणार होत्या. देवराव म्हणाले, “पाईप लावून दाखवतो मॅडमले. डोळ्यानंच पाहून घेतीन.”

इथे चूक झाली, आणि ती नागपूरच्या माणसाच्याच हातून होऊ शकते. देवरावांचा जुना पारदर्शक पाईप पत्र्याखाली उन्हानं तडकला होता. मग त्यांनी कूलरमध्ये पाणी भरायचा हिरवा पाईप घेतला, जो इथे घरोघरी असतो, आणि दोन्ही टोकांना काचेसारख्या नळीचे तुकडे जोडले. टोकाशी पाणी दिसत होतं, मधलं काही दिसत नव्हतं. त्यात मॅडम तासभर लवकर आल्या. नळ नुकताच आला होता, आणि आमचा नळ आधी पाच मिनिटं नुसती हवाच फुसफुसतो. देवरावांनी तोच नळ पाईपला लावला.

“गळाभेट?” प्रेमिलाबाई हळूच म्हणाल्या.

गळाभेट हा त्या दोघांचा शब्द. पाईप भरला की आधी दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरायची. पाणी दोन्हींत सारखं उभं राहिलं तर पाईप खरा, नाहीतर आत हवा अडकलेली. तीस वर्षांत त्यांनी गळाभेटीशिवाय एक वीट लावली नव्हती. पण मॅडम घड्याळ पाहत होत्या, चंद्रभान मिशीत हसत होता, सगळी गल्ली दारात उभी होती.

“टाइम नाई. जा, खुंटीजवळ धर,” देवराव म्हणाले.

प्रेमिलाबाईंनी धरलं. पाणी थांबेना. वर व्हायचं, खाली व्हायचं, थरथरायचं. हवा असली की पाणी असंच नाचतं, हे त्यांच्या हातांना पाठ होतं. पलीकडून देवराव ओरडले, “बोल ना वं!”

“पानी नाचून राहिलं. एकदा गळाभेट करून घ्या.”

“चूप बस वं मॅडमसमोर! थांबलं म्हण.”

साहेबासमोर रेजानं बोलायचं नसतं. कुणी शिकवलेलं नव्हतं, तरी हाडात मुरलेलं होतं. प्रेमिलाबाई म्हणाल्या, “थांबलं.”

देवरावांनी मापलं. फरशी आणि रस्त्याचा माथा अगदी एका रेषेत निघाले.

“काका, लेव्हल तर बरोबर आहे,” सोनिका मॅडम म्हणाल्या. मुलगी चांगली होती, चिडली नाही. “उतार नालीकडे देऊ, पाणी निघून जाईल. सोमवारी सकाळी काम सुरू.” चंद्रभान मोठ्यानं हसला. गणपतराव चपला ओढत घरात गेले, जाताना म्हणाले, “चश्मा बदला आता, मिस्त्री.”

देवराव त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळपर्यंत कूलरकडे तोंड करून बसले, आणि कूलर बंद होता. प्रेमिलाबाईंनी समजूत काढून पाहिली, रागावून पाहिलं. शेवटी ते एवढंच म्हणाले, “मले समजते हवा होती म्हणून. पण कोन्या तोंडानं जाऊ मॅडमकडे? माप मीच दाखवलं.”

“थांबलं कोन म्हटलं? मी म्हटलं ना,” प्रेमिलाबाई म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. घराची काळजी होतीच, पण त्याहून जास्त ते खोटं “थांबलं” त्यांना खात होतं. ज्या एका शब्दावर बारा घरं उभी राहिली, तो त्यांनी भीतीपोटी वाया घालवला होता.

शुक्रवारी बुद्धपौर्णिमा. दरवर्षी लेआउटच्या विहारात मोठ्या गंजात खीर होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला द्रोण भरून दिली जाते. गणपतरावांच्या शोभाताई दरवर्षी खीर ढवळायला येतात, त्यांच्या हाताशिवाय खीर बुडाला लागते असं त्यांचं ठाम मत आहे. सगळ्या बाया गंजाभोवती होत्या. प्रेमिलाबाईंनी पळी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

“कालचं माप खोटं हाये. पाईपात हवा होती. मले माहीत होतं, तरी मी थांबलं म्हटलं. आपल्या घरात पानी येईन त माझ्या पापानं येईन.”

शोभाताईंनी ढवळणं थांबवलं नाही, पण म्हणाल्या, “रडून का होते? पुन्हा मोजता येते का नाई, ते सांगा.”

“येते. पण साफ दिसनारा पाईप पायजे. आणि सोमवारी सिमेंट पडायच्या आधी.”

“पाईप आमचे हे आनतीन. दिवसभर दुसऱ्याले टोमणे मारतात, थोडं काम करतीन तं मरनार नाई.”

शनिवारी गणपतराव खरंच पाईप घेऊन आले, काचेसारखा, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरेल एवढा. “साठ फुटाचा पुरला असता, मी शंभर आनला,” एवढंच म्हणून ते गेले. प्रेमिलाबाईंनी नळाला हात लावला नाही. ड्रममध्ये दिवसभर स्थिरावलेलं पाणी रविवारी संध्याकाळी मगानं, धार न तुटू देता पाईपात सोडलं. जिथे बुडबुडा दिसला तिथे बोटानं टिचक्या मारून तो वर काढला. मग पाईप बेसिनखाली सावलीत गुंडाळून ठेवला. देवराव दारातून पाहत होते. त्यांनी मदत केली नाही आणि नावंही ठेवली नाहीत.

सोमवारी सकाळी साडेसहाला मिक्सर गल्लीच्या तोंडाशी आला. सोनिका मॅडम स्कूटीवरून उतरल्या तर समोर बारा उंबरठ्यांवर बारा बाया उभ्या.

प्रेमिलाबाई पुढे झाल्या. “मॅडम, पाच मिनिटं द्या. गुरुवारचं माप चुकलं. कसं चुकलं ते दाखवते.”

त्यांनी हिरवा पाईप आणला, तसाच गुरुवारचा, भरलेला. दोन्ही टोकं मॅडमच्या डोळ्यांसमोर एकमेकांना टेकवली. एका नळीत पाणी वर, दुसऱ्यात चार बोटं खाली. मॅडमनी दोनदा वाकून पाहिलं. मग प्रेमिलाबाईंनी नवा पाईप उचलला आणि त्याची टोकं जुळवली. पाणी एका रेषेत उभं राहिलं, सूतभरही फरक नाही.

“आता मोजू द्या,” प्रेमिलाबाई म्हणाल्या. चंद्रभान म्हणाला, “मॅडम, मिक्सर फिरून राहिला, सिमेंटचा मसाला घट्ट होईन.”

“फिरू द्या,” मॅडम म्हणाल्या.

पण दुसरं टोक कोण धरणार? प्रेमिलाबाई दाराकडे वळल्या. देवराव खाटेवरून उठले होते, चप्पलही घातली होती. त्या म्हणाल्या, “या गा, खुंटीजवळ धरा. थांबलं की आवाज द्या.”

सत्तर वर्षांचे देवराव मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या टोकाशी उभे राहिले. हात खांद्याच्या वर गेले, लगेच कापायला लागले. त्यांनी दुसऱ्या हातानं कोपर धरलं. पाणी खुणेवर आणायला त्यांना वेळ लागला, पण घाई केली नाही. बऱ्याच वेळानं आवाज आला, “थांबलं!” आणि प्रेमिलाबाईंनी आपल्या दाराच्या चौकटीवर विटेच्या तुकड्यानं रेघ मारली.

रेघ फरशीच्या चार बोटं वर आली. मॅडमनी टेप लावून पाहिला, तीन इंचांहून थोडं जास्त. मग गणपतरावांचं घर, मग पुढचं. दर वेळी देवरावांचा आवाज, दर वेळी विटेची रेघ. ऊन चढलं तसे लोक रस्त्यावर आले, गणपतराव बनियनवर छत्री घेऊन देवरावांच्या डोक्यावर धरून उभे राहिले. बारापैकी नऊ घरांची फरशी सुतळीच्या खाली निघाली.

सोनिका मॅडम बाजूला जाऊन फोनवर बोलत राहिल्या. बोलणं लांबलं, एकदोनदा त्यांचा आवाज चढला. परत आल्या तेव्हा चेहरा लाल होता. “मिक्सर परत पाठवा,” त्या चंद्रभानला म्हणाल्या. “आधी जुना रस्ता खोदून काढायचा. नवा माथा या फरश्यांच्या सहा इंच खाली. तसं लिहूनच देते.” बायांनी टाळ्या वाजवल्या आणि शोभाताईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की जणू पाईप गणपतरावांनीच तयार केला होता.

मॅडमनी स्कूटीच्या सीटवर कागद ठेवला. “माप कुणी घेतलं, ते लिहावं लागेल. नाव आणि काम सांगा.”

सगळ्यांचे डोळे सवयीनं देवरावांकडे गेले. ते अजून शेवटच्या खुंटीजवळच होते, पाईप धरून, कारण सोडा असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. तिथूनच ते ओरडले, “लिहा मॅडम. प्रेमिला देवराव रामटेके. मिस्त्री.”

प्रेमिलाबाईंच्या डोळ्यांना धार लागली आणि त्यांनी ती पुसली नाही. त्यांना देवरावांचे थरथरते हात दिसत होते. हाताला कुठे रग लागते, मग ती मानेत कशी उतरते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्या म्हणाल्या, “सोडा आता तो पाईप. हात भरून आले असतीन तुमचे.”

“थांब,” देवराव म्हणाले, “मॅडमचं लिहिनं होऊ दे आधी.”