हिरो ‘काहून’ म्हणत नाही

सुपरहिरोला आई नसते, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी भाकरी थापत होते. बाहेरच्या खोलीत माझी मुलगी आणि तिचे आबाजी, म्हणजे माझे सासरे, तिची ती लाडकी कार्टूनची मालिका पाहत बसले होते. निळ्या अंगरख्यातला हिरो कुठल्याशा इमारतीच्या टोकावर उभा राहून दूरवर बघत होता, आणि त्याची आई पहिल्याच भागात, मालिकेचं नाव पडद्यावर यायच्या आधीच, वारलेली होती.

मी स्वयंपाकघरातूनच विचारलं, “याची आई जिवंत ठेवली असती तर काय बिघडलं असतं?”

“मंग तिनं त्याले बाहेर जाऊ दिलं असतं का?” मुलगी म्हणाली. चौदा वर्षांच्या मुलीनं टीव्हीवरची नजर न काढता दिलेलं उत्तर होतं, म्हणून जास्त लागलं.

“‘त्याले’ नाही, ‘त्याला’,” मी म्हणाले. वाद हरले की मी व्याकरणात शिरते. वाशीमच्या एका शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे शिरायला जागा भरपूर आहे.

ती मालिका मूळची कुठल्या देशातली, कोण जाणे. आमच्याकडे ती मराठीत येते. हिरोचं मराठी इतकं स्वच्छ की पान न मांडता त्याच्यावरच जेवायला वाढावं. खलनायक ‘विनाश’, ‘सर्वनाश’, ‘महाविनाश’ अशा चढत्या पायऱ्यांनी बोलतो. आणि या खलनायकाचा एक चेला आहे. गोलमटोल, डोक्यावर पातेलं उलटं घातल्यासारखं शिरस्त्राण, दर पाच मिनिटांनी कुठल्या तरी खांबावर आपटणारा. आपटला की म्हणतो, “बाप्पा! काहून मारून राह्यले?”

म्हणजे तो आमच्याकडचा.

दुसऱ्या ग्रहावरून आलेल्या या प्राण्याला वऱ्हाडी कुणी शिकवली, हे मालिकेत सांगितलेलं नाही. यान किन्हीराजाच्या शिवारात पडलं असेल. आबाजींचं वावर तिथंच आहे, पण त्यांना काही सापडल्याचं ते बोलले नाहीत. उलट त्यांचा चेल्यावर वेगळाच आक्षेप होता. “हा आपल्याकडचा नोहे,” ते म्हणायचे. “आपला मानूस आपटल्यावर ‘काहून’ इचारत नाई. पयले शिवी देते.”

माझी मुलगी या मालिकेची नुसती चाहती नव्हती, ती नोकरीच करत होती म्हणा. फोनवर चाहत्यांचं एक मंडळ होतं. राज्यभरातली मुलं त्यात हिरोच्या अंगरख्याचा निळा रंग तिसऱ्या पर्वात फिका का झाला, यावर अशी चर्चा करायची की आमच्या शाळेच्या शिक्षकसभेनं लाजावं. लिहून व्हायची तशी बोलूनही व्हायची. एका रविवारी माझी मुलगीही बोलली. हिरोची शक्ती पाण्यात कमी होते, यावर तिचा मुद्दा तयार होता. तिनं सुरुवात केली, “पन तो पान्यात जाऊन राह्यला काहून?”

पलीकडून कुणीतरी म्हणालं, “अय्या, ही तर चेल्याच्या गावची!”

त्या दिवसापासून मंडळात तिचं नाव ‘काहून’ पडलं. आणि त्या दिवसापासून ती फक्त टाईप करू लागली. बोलायची वेळ आली की माईक बंद, नेट गेलं, आई बोलावते. चार महिन्यांत मी तिला इतक्या वेळा बोलावलं, आणि मला पत्ताही नव्हता.

हे सगळं मला कळलं तेव्हा आई म्हणून वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. “बघ! मी म्हणत नव्हते?” हे वाक्य मी किती वर्षं सांभाळून ठेवलं होतं, आणि ते वापरायची इतकी चांगली संधी पुन्हा कधी येणार?

लगेच शिकवणी सुरू केली. काहून नाही, का. मले नाही, मला. पानी नाही, पाणी. ण म्हणताना जीभ टाळूला लाव. मुलगी जीभ टाळूला लावून माझ्याकडे अशी बघायची की दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटावं.

खरं सांगायचं तर ही शिकवणी मी स्वतः घेतलेली आहे. डी.एड.च्या पहिल्या दिवशी मी उभी राहून “मॅडम, मले पाठ येते” म्हणाले होते, आणि वर्ग असा हसला होता की पाठ आलेली कविता मी त्या दिवशी विसरले. तेव्हापासून शुद्ध बोलते. शुद्ध मराठी म्हणजे माझी इस्त्रीची साडी. बाहेर नेसून जायची, घरात आलं की जपून घडी घालायची. राग आला, भाजीवाल्याशी घासाघीस सुरू झाली किंवा पायाचं बोट उंबऱ्याला ठेचलं, की साडी सुटते. मागच्याच आठवड्यात ठेचलं. तोंडातून काय निघालं असेल? “बाप्पा!”

मुलगी कोपऱ्यातून म्हणाली, “चेला.”

तेवढ्यात बातमी आली की मालिका नव्यानं येणार. नवी चित्रं, नवी कथा. आणि बनवणाऱ्यांनी चाहत्यांनाच विचारलं होतं: नव्या मालिकेत तुम्हाला काय हवं? आधी फॉर्म भरायचा. मग निवडक चाहत्यांना एका रविवारी दुपारी ऑनलाईन भेटीत सगळ्यांसमोर एक एक मिनिट बोलता येणार.

फॉर्म मुलीचा होता, पण आमच्या घरात कुठलाही फॉर्म एकट्यानं भरायची पद्धत नाही. जेवताना सभा भरली.

“लिव,” आबाजी म्हणाले. “इतक्या वरून उडत जाते तो. खाली सोयाबीनमंदी रोही शिरले, डुकरं शिरले, ते त्याले दिसत नाई का? साऱ्या दुनियेले वाचवते म्हने. आमचं वावर दुनियेत नाई येत का?”

माझे यजमान जऊळक्याच्या रेल्वे स्टेशनवर नोकरीला आहेत. त्यांनी वरणात भात कालवत सांगितलं, “त्याले एक डाव तरी उशीर होऊ द्या. नेहमी बरोब्बर टायमावर पोचते. असा मानूस मी सर्व्हिसमंदी पाह्यला नाई.”

मी आईचा मुद्दा पुन्हा मांडला. आई जिवंत पाहिजे, आणि तिनं त्याला निदान एकदा जेवून जा म्हटलं पाहिजे. उपाशी पोटी जग वाचवायचं म्हणजे पित्त होणारच.

मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मग स्वतःचं काय ते लिहिलं आणि फॉर्म पाठवून दिला. काय लिहिलं, ते सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं: तिची निवड झाली होती. ती ते वाचून आनंदानं उडी मारेल असं मला वाटलं. ती पलंगावर बसली आणि म्हणाली, “मी नाई बोलत. नाव काढून टाक म्हनून कळवू का?”

म्हणजे प्रश्न आता अंगरख्याच्या रंगाचा उरला नव्हता. चार महिने मिटलेलं तोंड त्या एका मिनिटासाठी उघडतं की कायमचं मिटतं, एवढाच होता. मी आई, मी शिक्षिका. मी जे करायला नको ते लगेच केलं. भाषण लिहून दिलं.

“आदरणीय निर्मातेहो, आगामी पर्वाच्या संदर्भात एक नम्र निवेदन करू इच्छिते…” पानभर होतं. त्यात ‘अत्यंत’ चारदा होता. ते आठ दिवस घोटून घेतलं. मुलीचे ण खणखणीत झाले. आबाजी एकदा ऐकून म्हणाले, “लय चांगलं बोलली व. पन मागून काय राह्यली?” ती मागतेय तरी काय, या प्रश्नाकडे मी दुर्लक्ष केलं. पुढं कळलं की अख्ख्या भाषणावरची ती सर्वात चांगली समीक्षा होती.

तो रविवार आला. खोलीत मोबाईल पुस्तकांच्या ढिगावर टेकवला. मागं दिसणाऱ्या कुलरवर मी नवी चादर टाकली, तर तो चादर पांघरून उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा दिसू लागला. आबाजींना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवून तीनदा बजावलं, एक शब्द बोलायचा नाही. त्यांनी ओठांवर बोट ठेवून दाखवलं. सासऱ्यांना गप्प बसवलं याचा मला इतका आनंद झाला की ते मोबाईलपासून दोन हातांवर बसलेत, याकडे लक्षच गेलं नाही.

भेट सुरू झाली. चाहत्यांना काय काय हवं होतं! एकाला हिरोचे केस जुन्या वळणाचे हवे होते. एकीला गाणी अजिबात नको होती. एकाला खलनायकाचं बालपण सविस्तर हवं होतं, म्हणजे तो असा का झाला ते समजेल. या मुलाला मी आमच्या नववीच्या वर्गावर नेऊन सोडायला तयार आहे. एकानं बजावलं की आवाज बदलले तर तो मालिका बघणं सोडून देईल. त्याच्या आवाजावरून तो जेवणही सोडणार होता. संचालन करणारी ताई प्रत्येकाला सांगत होती, “वा, किती छान! आम्ही नोंद घेतली.” वाशीमला कचेऱ्या कमी नाहीत. नोंद घेतली म्हणजे काय होतं, ते आम्हाला सांगायला नको.

मग मुलीचं नाव पुकारलं.

“आदरणीय निर्मातेहो,” तिनं सुरुवात केली. ण खणखणीत लागला. “आगामी पर्वाच्या संदर्भात…” आणि थांबली. कागद समोर होता. मी शेजारून ओठ हलवत होते. ती माझ्या ओठांकडे बघत होती, आणि काही येत नव्हतं.

कोपऱ्यातून, पूर्ण प्रेमानं आणि वावराच्या दुसऱ्या धुऱ्यापर्यंत पोचेल अशा आवाजात, आबाजी म्हणाले, “बोल ना व बाई! काहून थांबली?”

मोबाईलमधून हसण्याचा लोंढा आला. पडद्यावर एकामागून एक शब्द वर सरकू लागले: चेला! चेला आला! खरा चेला! कुणी हसरी तोंडं टाकली, कुणी पातेली. संचालन करणारी ताईसुद्धा हसत होती.

आबाजींना काही कळलं नाही. त्यांना वाटलं, नात छान बोलली. तेही हसू लागले. ते हसताना पाहिलं आणि माझ्या तोंडात एक शब्द आला. तो शुद्ध मराठीतला नव्हता.

मुलीनं कागद उलटा ठेवला.

“हसता काहून?” ती म्हणाली. “ते माझे आबाजी आहेत.”

हसणं थांबलं नाही, पण पातळ झालं.

“मले एकच पाह्यजे,” ती पुढं बोलू लागली, आणि आता ती थांबत नव्हती. “हिरो आमच्यासारखा काहून बोलत नाई? आमच्यासारखा बोलते तो फक्त मार खाते. खांबावर आपटते. आमी काय साऱ्या दुनियेत आपटत फिरतो का? एक डाव हिरोले म्हनू द्या, ‘काहून बे, कोन हाय तिकडे?’ पाहा, व्हिलन भेते की नाई ते.”

“अगं, किती गोड बोलतेस!” ताई म्हणाली. “अजून एकदा म्हण ना!”

“नाई,” मुलगी म्हणाली. “येकडाव सांगतलं.”

“छान. आम्ही नोंद घेतली.”

मिनिट संपलं. मुलीनं मोबाईल पालथा ठेवला, आणि मी अजूनही ओठ हलवत होते, ‘अत्यंत’वर अडकलेली.

“बराबर बोलली ना मी?” तिनं विचारलं. मला नाही. आबाजींना.

“हाव,” ते म्हणाले. “आता समजलं मले, काय मागून राह्यली ते.”

नवी मालिका यथावकाश आली. नोंदी घेतल्या होत्या हे खोटं म्हणता येणार नाही. केस जुन्या वळणाचे झाले. खलनायकाचं बालपण दोन भाग चाललं. माझीही मागणी पुरी झाली: हिरोची आई जिवंत होती, पहिली दहा मिनिटं. यजमानांच्या उशिराचं आणि आबाजींच्या रोह्यांचं काही झालं नाही. हिरोचं मराठी आणखी स्वच्छ झालं होतं. आणि चेला चाहत्यांना फार आवडतो म्हणून त्याची वाक्यं वाढवली होती. तो आता दर तीन मिनिटांनी आपटत होता.

मी घाबरत मुलीकडे पाहिलं. तिनं रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला.

“आबाजी, तुमी व्हिलन,” ती म्हणाली. “मी हिरो.”

पडद्यावर हिरो इमारतीच्या टोकावर आला. “काहून बे!” आमच्या खोलीत आवाज घुमला. “कोन हाय तिकडे?” जीभ टाळूला कुठंच लागत नव्हती. आबाजींनी खलनायकाच्या वतीनं अशी एक शिवी दिली की विनाश, सर्वनाश आणि महाविनाश तिन्ही फिके पडले. रोह्यांचा हिशेबही त्यातच चुकता झाला.

“अन् मी?” मी विचारलं. आई झाले असते तरी चाललं असतं, दहा मिनिटांची का होईना.

“तू चेला,” मुलगी म्हणाली. “पन आपला चेला एकदम शुद्ध बोलते. ण गिन बराबर म्हन. तुले जमते.”

पडद्यावर तो गोलमटोल प्राणी धावत आला आणि खांबावर आपटला. दोघंही माझ्याकडे बघत होते. मी पदर सावरला, घसा खाकरला.

“अरेरे! आपण मला कोणत्या कारणास्तव मारत आहात?”

आबाजी हसता हसता खुर्चीतून घसरले. मुलीनं डोळे पुसले आणि म्हणाली, “अजून एक डाव म्हन ना, आई. किती गोड बोलतं तू.”