घोटाला घोट

कोपर गावी आमच्या सासूबाईंचं तोंड पहाटेपासून सुरू असे. मिठागरावरचे गडीसुद्धा त्यांच्या आवाजाला वचकून असत. त्या कधी गप्प बसतात, असं मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

गाय व्याली की तिला गूळ, सुंठ आणि बाळंतशोपा उकळून केलेला कोमट काढा पाजायचा असे. शेजारचे लोक गायीची मान वर ओढून काढ्याचं नळकांडं घशात रिकामं करत. घाई, दुसरं काय. त्यांची एक गाय अशीच ठसकली, काढा फुप्फुसात गेला आणि ती दगावली.

सासूबाई गाय नीट उभी राहीपर्यंत थांबत. तिची मान पाठीपेक्षा वर जाऊ देत नसत. आधी त्या स्वतःच्या तोंडात पाण्याचा घोट धरत, मग बांबूचं नळकांडं तिच्या गालाच्या कडेनं आत सारून थोडासाच काढा ओतत. गाय गिळेपर्यंत त्या स्वतःही गिळत नसत. एकदा त्यांनी माझा तळवा गायीच्या गळ्यावर ठेवला. घोट हाताखालून सरकत गेला आणि त्याच क्षणी सासूबाईंचा गळा हलला. एवढं मोठं जनावर आणि एवढी तापट बाई. मी बघतच राहिले.

पुढे मी बाळंत झाले. अंगात त्राण नव्हतं. सासूबाई काढ्याची वाटी घेऊन माझ्या उशाशी बसल्या. मी काही विचारणार, तोच पाहिलं, त्यांचे गाल पाण्यानं फुगलेले होते.