रंग न घातलेल्या पेशी

जूनचा दुसरा शुक्रवार. काम: सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावरचं तेल पुसणं. प्रयोगशाळेतली ही खोली मी सांभाळते.

इथे रोज येणारी एक संशोधक चहा घेतलास का विचारलं तरी "बहुतेक" म्हणते. जिवंत पेशीत एक ठरावीक रसायन असेल तर हिरवा चमकेल, असा रंग ती बनवतेय. प्रबंध त्यावरच अडलाय.

त्या दिवशी पडद्यावर पेशी लख्ख हिरव्या दिसल्या.

"जमलं ना?" मी विचारलं.

"बहुतेक."

मला तेवढं पुरलं. मजलाभर बातमी सांगून शनिवार पेठेतून पेढे मागवले. परत आले तर ती दुसरी काचपट्टी लावत होती.

"मॅडम, रंग न घातलेल्याही बघूया."

"आता कशाला अपशकुन?"

त्याही तितक्याच हिरव्या होत्या. चमक पेशींची स्वतःचीच होती.

"नाही जमलं," ती म्हणाली. 'बहुतेक' न लावता प्रथमच. मग विचारलं, "पेढे आले का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला पेढा मी, पेशी चमकवायला वापरतो त्या जांभळ्या दिव्याखाली धरला. तोही हिरवट चमकला. मग मजलाभर फिरून बातमी परत घेतली.