दगडूची पाठवणी

कडूबाईला कुणी विमानात बसवेल असं तिच्या वैऱ्याच्याही मनात आलं नसतं. आणि बसवलं तेही कुणासाठी, तर एका कुत्र्यासाठी. गावाने हे ऐकल्यावर आधी हसून घेतलं, मग थोडं जळून घेतलं, आणि शेवटी पारावर बसून कुत्र्याला विमानात पुरं तिकीट लागतं की अर्धं, यावर दुपार घालवली. गावाला दुसरं काम नव्हतं अशातला भाग नाही, पण असला विषय रोज थोडाच मिळतो!

नळदुर्गाच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत गेलं की कृष्णराज मालकांचं शेतघर लागतं. मालक मूळचे मुरुमचे. व्यापारात चढत चढत बंगळुरूला पोचले, पण शेत काही सोडलं नाही. त्या घराच्या किल्ल्या कडूबाईच्या कमरेला असत. नवरा, बलभीम, स्वतःच्या तुकड्यात राबायचा आणि ही मालकांच्या घरात. बाई अंगाने काटक, तोंडाने फटकळ. गडीमाणसं तिला टरकून असत. मुक्या जनावरावर मात्र तिने कधी हात उगारला नाही.

तिथेच दगडू होता. कागदावर त्याचं नाव ब्रूनो. मालकांच्या लेकीने, निकिताने, हट्ट करून पुण्याहून मागवलेलं ते लॅब्राडॉरचं पिल्लू. सुट्टी संपताच निकिता शाळेसाठी बंगळुरूला परतली, पुढे शिकायला परदेशी गेली, आणि ब्रूनो पहिल्यापासून कडूबाईच्याच पदरात राहिला. तिने त्याला दूधभाकरीवर वाढवलं आणि दगडू म्हणून हाक मारली. तो त्याच नावाला ओ देऊ लागला. आता बिचारा म्हातारा झाला होता. तोंड पांढरं पडलेलं, मागचे पाय धरलेले, थोडं चाललं की धाप.

त्याची एक खोड साऱ्या शिवाराला ठाऊक होती. तो कडूबाईच्या हातचंच खायचा. एकदा ती बहिणीकडे मुरुमला लग्नाला गेली, तर हिने परत उंबऱ्यात पाय ठेवीपर्यंत पठ्ठ्याने ताटलीकडे पाहिलं नाही. बलभीमने पुढ्यात मटण ठेवलं तरी मान फिरवली.

"मला कुनी येवढं मटन वाडलं आस्तं तर मी बाईल इसरलो आस्तो," बलभीम म्हणाला होता.

"तुमी तर डाळीवरबी इसरता," कडूबाईने तिथल्या तिथे परतफेड केली होती.

पण ही गंमत एके दिवशी गळ्याशी आली. निकिता शिक्षण आटोपून बंगळुरूला परतली, नोकरीला लागली, आणि तिने फोन केला की ब्रूनोला माझ्याकडे आणा. तिची काही चूक नव्हती. कुत्रं तिचं होतं, आणि म्हातारपणी आपल्याजवळ असावं असं तिला वाटलं. गाडी पाठवली. सोलापूर मागे पडायच्या आतच दगडूने इतकी धाप टाकली, इतका ओकला की ड्रायव्हरने घाबरून गाडी वळवली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, काळीज कमजोर आहे, दिवसभराचा रस्ता याला झेपणार नाही. नेहमीच्या विमानात एवढं मोठं कुत्रं खाली सामानात ठेवतात म्हणे. ते निकिताला ऐकवेना.

मग मालकांनीच तोड काढली. त्यांची कंपनी कामापुरतं छोटं विमान भाड्याने घ्यायची. ते घेऊन मालक धाराशिवला येणार होते. परत जाताना दगडूला सीटजवळ बसवून न्यायचं ठरलं. निकिताने पुन्हा फोन केला. "मावशी, तुम्हीपण चला. त्याला माझी सवय होईपर्यंत राहा."

कडूबाई 'व्हय' म्हणाली खरी. विमानाचं भय तिला नव्हतं. मेलो तर दोघं मिळून मरू, असा तिचा साधा हिशोब होता. भय होतं ते पोचल्यानंतरचं. सवय होणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. का होणार नाही, हेही माहीत होतं, आणि ते तिने बलभीमलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. आज ना उद्या आपल्याला माघारी यावं लागणार, आणि आपली पाठ फिरली की दगडू उपाशी मरणार. जेवताना तिच्या घशाखाली घास उतरेना.

जायच्या दिवशी डॉक्टरांनी दगडूला खायला घालू नका म्हणून बजावलं होतं. लेकराला उपाशीपोटी परमुलखात धाडतोय असं कडूबाईला झालं, पण तिने ऐकलं. मालकांची गाडी सावकाश, तुळजापूरला विसावा घेत धाराशिवच्या धावपट्टीवर पोचली. विमान पाहून कडूबाईची जराशी निराशाच झाली. ट्रॅव्हल्सच्या गाडीएवढंही नव्हतं ते.

दगडूने पायऱ्यांपाशी चारी पाय रोवले. मालकांनी ओढून पाहिलं, पुढून बिस्किट दाखवलं. विमान चालवणारी बाईच होती. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही पुढे व्हा." कडूबाई पदर खोचून चढली, दारातून मागे वळून एक शिवी हासडली, आणि दगडू लंगडत लंगडत तिच्या मागे आत आला. त्याचा पट्टा सीटच्या पट्ट्याला अडकवला, खाली घरची वाकळ अंथरली. विमान पळायला लागलं तशी त्याला थरथर सुटली. कडूबाईने वाकून पदराने त्याचे दोन्ही कान झाकले आणि चाकं जमीन सोडेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिली. काय बोलली ते तिलाही आठवत नाही.

वर गेल्यावर दगडू निवला. तिच्या पायावर हनुवटी टेकून डोळे मिटून पडला. कडूबाईने खिडकीतून आपलं रान शोधलं. पण वरून सगळ्यांची रानं सारखीच दिसत होती, तेव्हा तिने तो नाद सोडला. समोर मालक बसले होते. आता नाही बोललो तर कधीच बोलणं होणार नाही, असं तिला वाटलं.

"मालक, येक सांगू का? रागावनार न्हाय न्हवं?"

"बोला की, कडूबाई."

"ह्ये कुत्रं तुमचं न्हाय. म्या इकत घेतलंय."

मालकांनी मोबाइल खाली ठेवला. मग कडूबाईने सगळं सांगून टाकलं. पुण्याहून पिल्लं दोन आली होती. एक आठवड्यातच गेलं. दुसऱ्यालाही हगवण लागली आणि त्याने मान टाकली. डॉक्टरांनी सलाइन लावलं होतं, पण कडूबाईचा भरवसा दुसऱ्याच औषधावर होता. त्या औषधाचा गुण म्हणजे ती स्वतः. तिच्याआधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून ती जन्मली तेव्हा आईने तिला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीने पसाभर ज्वारी देऊन तिला विकत घेतलं, आणि नाव ठेवलं कडू. मरणाला गोडधोड लेकरं हवी असतात. टाकून दिलेलं, विकलेलं, नावानेच कडू असलेलं पोर ते हुंगूनही बघत नाही.

तर तिने पिल्लाला सुपात घालून उकिरड्यावर नेलं. नाव काय ठेवायचं तेही ठरलं. पण अडलं ते विकणाऱ्यापाशी. घरधनी बंगळुरूला. फोन करून 'कुत्रं इकता का' असं विचारायचं कसं? शेवटी तिने आपल्या घरची पसाभर ज्वारी आणून मालकांच्या डब्यात ओतली, 'इकलं का' म्हणून स्वतःच विचारलं आणि 'इकलं' म्हणून मालकांच्या वतीने स्वतःच सांगितलं. पिल्लू जगलं.

"तवापासनं त्यो माज्या हातचंच खातोय," कडूबाई म्हणाली. "सौदाच तसा झाला. तुमाला न इचारता क्येला. आता तिकडं त्यो उपाशी मरंल, आन् पाप मला लागंल."

मालक आधी हसले. इतके हसले की चालवणाऱ्या बाईने मागे वळून पाहिलं. मग चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, "आमच्या आईनं मला दोनदा विकलंय, कडूबाई. पहिल्या वेळी गुण आला नाही म्हणून. घरी मला अजून धोंड्या म्हणतात. ऑफिसात सांगू नका."

कडूबाईने तोंडाला पदर लावून हसू दाबलं.

"सौदा उलटा करता येतो ना?" मालकांनी विचारलं. "परत विकत घेतो. काय द्यायचं?"

"पसाभर ज्वारी."

ज्वारी कुठली आणायची आभाळात? मालकांनी इकडेतिकडे पाहिलं. पुढ्यात काचेच्या वाटीत काजू होते. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ भरून पुढे केली. कडूबाईने क्षणभर विचार केला. असल्या बाबतीत ती कुणाची भीड ठेवत नसे.

"बीच हाय न्हवं ती? मातीत टाकली तर उगवती न्हवं?"

"भाजलेली नसती तर उगवली असती."

"चालंल. मालकाचं मन खरं आसलं म्हंजी झालं. पर निकीताईच्या नावानं द्या."

तिने पदर पसरला. मालकांनी निकिताचं नाव घेऊन काजू ओतले. "विकलं?" "इकलं." सौदा तोंडात पडल्याशिवाय पक्का होत नाही, म्हणून दोघांनी एकेक काजू खाल्ला. आणि ज्याचा सौदा झाला तो खाली वाकळीवर घोरत होता.

एवढं झालं म्हणजे सगळं सुरळीत होईल असं कडूबाईला वाटलं होतं. पण बंगळुरूला पोचल्यावर निकिताने दूधभाकरी पुढे केली, आणि दिवसभराच्या उपाशी दगडूने तोंड फिरवलं. निकिताचा चेहरा एवढासा झाला. तासभर वाट पाहून शेवटी कडूबाईनेच भरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. देवाला काजू पसंत पडले नाहीत, असं म्हणत ती मनातल्या मनात मालकांवरही चिडली आणि स्वतःवरही. निकिताने मात्र हाय खाल्ली नाही. ती रोज कडूबाईजवळ बसून भाकरी थापायची, फाटली की पुन्हा थापायची, आणि दगडूपुढे फरशीवर मांडी घालून बसायची. कामावर जायला उशीर झाला तरी उठायची नाही.

मग एका सकाळी कडूबाई आंघोळ करून बाहेर आली तर लपलप आवाज आला. ती दारातच थांबली. निकिता फरशीवर बसली होती. हात मनगटापर्यंत दुधात, आणि दगडू तिच्या बोटांमधून भाकरी उचलून खात होता. सावकाश, म्हातारपणाच्या दातांनी, पण खात होता. निकिताने मान वर केली. ती रडत होती आणि तिला हलायचीही भीती वाटत होती.

कडूबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. सुटले ग बाई, असं ती खरोखरच तोंडाने पुटपुटली. काजूंचा गुण की पोरीच्या बैठकीचा, याची चौकशी तिने केली नाही. दुसरी ताटली पुढे आली आणि दगडूने तीही धरली. कडूबाईने आत जाऊन पिशवी भरली.

"आज सोलापूरच्या गाडीला बसवून द्या," ती म्हणाली.

"आजच? मावशी, त्याला भेटून तरी जा!"

"जेवतंय न्हवं? जेवनाऱ्याला हाक मारू न्हाय. उटंल ताटावरनं."

दगडूचं तोंड ताटलीत होतं, शेपूट हलत होतं. कडूबाईने त्याच्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं, चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.

निकिताच्या ड्रायव्हरने तिला सोलापूरच्या गाडीत खिडकीची जागा मिळवून दिली. गाडी सुटायला अवकाश होता. तिथे बसल्या बसल्या कडूबाईला अशी कडकडून भूक लागली की तिचं तिलाच नवल वाटलं. किती दिवसांत पोटाने असं मागितलं नव्हतं. तिने भाकरीचं फडकं सोडलं, शेजारच्या अनोळखी बाईला मुरुमच्या बाजारात शिकलेल्या मोडक्या कानडीत "तिन्नी, तिन्नी", खा खा, म्हणून अर्धी दिली, आणि रडत रडत पोटभर जेवली.