पोलादपूरच्या हळदीतली गिटार

परवा लेकीने हेडफोनच्या तुटक्या वायरीला कथलाचा डाग दिला. राळेचा तो धूर नाकात शिरला आणि मी थेट पोलादपूरच्या एका हळदीत जाऊन उभा राहिलो, गळ्यात लाल गिटार अडकवून.

साल सत्त्याण्णव. आमच्या ऑर्केस्ट्रासमोर सगळा गाव बसलेला आणि ऐन वेळी गिटारची वायर पिनेपासून तुटली. नवरदेवाचे काका स्टेजपाशी आले. "गावची बेंजो पार्टी सोडून तुम्हाला महाडातनं आणलं. गिटार वाजली नाय, तर बेंजोवाले तयार हायत!" बेंजोवाले खरोखरच पुढच्या रांगेत बेंजो मांडीवर घेऊन हसत बसले होते.

आमचा टेम्पो चालवणारे युसुफभाई तुटकी वायर घेऊन आचाऱ्याच्या चुलीकडे गेले, मी त्यांच्या मागे. त्यांनी स्क्रूड्रायव्हर निखाऱ्यात लाल केला आणि टेम्पोतलं कथील त्यावर वितळवून वायर पिनेला जोडली. "फुंक मार रे, हिरो!" मी फुंकर मारून डाग गार केला, धावत येऊन पिन खोचली, तार छेडली आणि मांडव दणाणला.

टाळ्या पडल्या तसा मी कमरेत वाकलो, अगदी नाटकी. आज आठवतं, एकही जण माझ्याकडे बघत नव्हता. सगळ्यांच्या माना चुलीकडे वळल्या होत्या आणि तिथे युसुफभाई काळ्या बोटांनी गरम वडा खात होते.