बांगड्या आणि हातमोजे

कोरोनाच्या दिवसांत मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. पीपीई किट कसं चढवायचं, कसं उतरवायचं, हे शिकवायचं काम माझ्याकडे. मी कडक मास्तरीण. अंगठी, घड्याळ, बांगड्या सगळं काढा, हातमोजा फाटतो, हे शंभरदा सांगायची.

आमच्या सफाईवाल्या मावशी तांड्यावरच्या. बाळापूरच्या बाजारात भरलेल्या काचेच्या बांगड्या दोन्ही हातांत गच्च. त्यांचा नवरा आमच्याच वॉर्डात ऑक्सिजनवर होता. बांगड्या काढा म्हटल्याबरोबर त्या उसळल्या, "मालक आत पडलेत अन् म्या हात मोकळे करू? काहून असं अभद्र बोलून राहिल्या?" मीही हट्टी. त्यांना वॉर्डात घेतलंच नाही, बाहेरचा व्हरांडा झाडायला दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या नवऱ्याचा ऑक्सिजन घसरायला लागला. माणूस घाबरून तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क ओढून टाकत होता, कुणाचं ऐकेना. मी काचेच्या दारातून ओरडले, "मावशी, किट घालून या लवकर! बांगड्या राहू द्या!" माझा नियम मीच मोडला.

"अन् हातमोजा फाटला तं? घरी पोरीचं तान्हं लेकरू हाय," त्या म्हणाल्या. मग साबण लावून एकेक बांगडी उतरवू लागल्या. काही निघाल्या, काही वाढल्या. फुटल्या म्हणायला आजही माझी जीभ रेटत नाही. ओठ पुटपुटत होते, पण हात चालू होते. गाऊन, मास्क, चष्मा, हातमोजे, एकही पायरी गाळली नाही. एवढी छाती मी कुठल्या डॉक्टरचीही पाहिलेली नाही.

आत येऊन त्यांनी मी सांगितलं तसं, श्वास मोकळा व्हावा म्हणून, नवऱ्याला पालथं केलं आणि पाठीवरून हात फिरवत आपल्या बोलीत बोलत राहिल्या. माणूस शांत झाला. संध्याकाळपर्यंत ऑक्सिजनचा आकडा वर आला, आणि मी भिंतीला टेकून चक्क रडले.

ड्युटी संपल्यावर किट उतरवायच्या खोलीत आम्ही दोघीच. मी हातमोजा शिकवते तसा बरोबर उलटा करून काढला, आणि माझ्या मनगटात दोन हिरव्या बांगड्या वाजल्या. कधी काढायच्या नाहीत अशी सासूबाईंनी शपथ घातलेली, म्हणून रोज हातमोज्याच्या आत लपवलेल्या. दिव्याखालीच अंधार! लाजेनं माझी मान वर होईना.

मावशी रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. मोकळ्या हातांना साबणाचा फेस करून ते पुढे केले आणि म्हणाल्या, "आणा सिस्टर, हात इकडं."