आवाज येत नाहीये

हे परवापर्यंत मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही. बहिणीलाही नाही — आणि तिला तर मी दहावीत चोरून ओढलेली सिगारेटसुद्धा सांगून बसलो होतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा परवा ढोल वाजले म्हणून.

पण ढोलांपर्यंत जरा दमाने येतो. सुरुवात एका शब्दापासून झाली.

मी दोह्यात इंजिनिअर आहे. फुटबॉल वर्ल्ड कपची तयारी ऐन भरात होती तेव्हा एका स्टेडियमच्या ड्रेनेजचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे जिथे जगातले मोठमोठे खेळाडू पळणार, तिथलं सांडपाणी कुठून जाणार हे बघणारा माणूस मी. आमचे अण्णा निवृत्त मास्तर. आई गेल्यापासून नाशिकजवळ आमच्या गावी एकटेच असतात. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना सांगितलं होतं — यापुढे घरपट्टी मी भरणार, इथून, ऑनलाइन; तुम्ही नगरपालिकेत रांगा लावायच्या नाहीत. अण्णांना केवढं कौतुक! दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून झालं की आमचा सुधीर कतारहून घरपट्टी भरतो.

मार्च आला तसा त्यांचा फोन आला, भरलीस का रे? मी मीटिंगमधून बाहेर येऊन बोलत होतो, मागून आमचा फोरमन ‘यल्ला, यल्ला’ — चला, चला — करत होता. म्हणायचं होतं ‘भरतो’. म्हणालो ‘भरली’.

बास. एवढंच. संध्याकाळी भरून टाकली असती तर ते खोटं खरंही झालं असतं. पैसे नव्हते का? होते की! त्याच महिन्यात मी नवी गाडी घेतली, आणि तिच्या सीटचा रंग ठरवण्यात आठवडा घालवला. घरपट्टी राहून गेली. पुढच्या वर्षी भरायला गेलो असतो तर मागची थकबाकी शास्तीसकट पावतीवर दिसली असती, आणि पावती अण्णांना हवी असायची. मग पुन्हा तेच — भरली, अण्णा. पावती पाठवतो. एक खोटं झाकायला दुसरं लागतं, हे अण्णाच आम्हाला वर्गात शिकवायचे.

आता भामरेकाका. अण्णांचे जिवाभावाचे मित्र, नगरपालिकेत वसुलीला होते. रोज संध्याकाळी दोघं आमच्या ओट्यावर बुद्धिबळ मांडून बसायचे. पटातला एक हत्ती मीच लहानपणी हरवला होता, त्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं बूच असायचं. काकांनी एकदा खेळता खेळता हळूच सांगितलं — मास्तर, तुमची भरलेली दिसत नाही, सुधीरला एकदा विचारा. अण्णांनी मला विचारलंच नाही. उलट काकांवरच भडकले, माझा मुलगा खोटं बोलत नाही म्हणाले. नोटीस आली, तीही कॉम्प्युटरची चूक म्हणून परत केली.

त्या सुमाराला आमच्या नगरपालिकेने शक्कल काढली होती. घरपट्टी थकली की दारात ढोल वाजवायचे. भरेपर्यंत वाजवायचे. गल्ली गोळा होते, माणूस लाजेने भरतो. तसं ते वसुली पथक, त्यांच्या साहेबांसकट, आमच्या दाराशी आलं. सोबत भामरेकाकाही होते, नोकरी होती ती, येणार नाहीत तर काय करणार? गल्लीतल्या पोरांना वाटलं वरात आली. ती नाचायला लागली.

मी साइट ऑफिसमध्ये होतो. फोनवर अण्णांचं नाव दिसलं, मी उचलला. ढोलांच्या वरताण ओरडून अण्णा म्हणत होते, “हे घे, साहेबांशी बोल! सांग यांना, तू भरलीयेस म्हणून!”

कसं सांगू तुम्हाला — आवाज इतका स्वच्छ येत होता! अण्णांचा श्वास चढलेला ऐकू येत होता. पोरांच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

आणि मी म्हणालो, “हॅलो? अण्णा? हॅलो... आवाज येत नाहीये.”

दोनदा म्हणालो. मग फोन बंद केला. समोरच्या केरळी सहकाऱ्याने काय झालं विचारलं, तर त्यालाही नेटवर्कचंच सांगितलं.

अण्णांनी मुदतठेव मोडून सगळी रक्कम भरली. इथे तरी मी थांबायचं होतं. पण नाही! ती रक्कम मी त्यांना पाठवली आणि म्हणालो, नगरपालिकेने चूक कबूल केली, पैसे माझ्या खात्यात परत आले. अण्णांनी ते गल्लीत, देवळात, गणेश मंडळात, सगळीकडे सांगितलं. भामऱ्याने उगीच माझ्या दारात ढोल वाजवले म्हणाले. काकांना खरं ठाऊक होतं. ते कुणालाही काही बोलले नाहीत. फक्त आमच्या गल्लीतून जायचे बंद झाले. बुद्धिबळाचा पट माळ्यावर गेला. भित्रेपणा म्हणावा की नीचपणा? मी दोन्ही म्हणतो.

तेव्हापासून अण्णा प्रत्येक फोनची सुरुवात ओरडून करतात, “आवाज येतोय का?” कतारची लाइन कच्ची आहे असं त्यांच्या मनाने घेतलंय. किती वर्षं मी ‘येतोय, येतोय’ म्हणतोय.

या वर्षी वर्ल्ड कप तोंडावर आला तसं अण्णांना इथे आणलं. अल थुमामाला आमचं घर आहे, बाल्कनीतून स्टेडियमचे दिवे दिसतात. परवा संध्याकाळी तिकडे कसलीशी तालीम होती — अचानक ढोल सुरू झाले. अण्णा चहा पीत होते. कप तसाच ठेवला, आत आले, काचेचं दार लावून घेतलं. माझी मुलगी हसली, “आजोबा, इट्स जस्ट प्रॅक्टिस!” अण्णा हसले नाहीत. दाराला पाठ लावून उभे राहिले.

मी बहिणीकडून भामरेकाकांचा नंबर मागवला. अण्णांना समोर बसवलं, फोन मध्ये ठेवला, स्पीकर लावला. काकांनी उचलला. मी म्हणालो, काका, मी मास्तरांचा सुधीर, कतारहून. अण्णाही ऐकतायत.

“बोल,” काका म्हणाले.

मी बोललो. त्या दिवशी मला आवाज येत होता, सगळा येत होता, घरपट्टी मी कधी भरलीच नव्हती, पैसेही कुणी परत केले नव्हते, ते माझे होते. माफी मागायला तोंड उघडलं, पण तेही काहीतरी मागणंच झालं असतं. मी फोन अण्णांच्या बाजूला सरकवला.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फोनकडे वाकले. मला वाटलं, आता ओरडतील. पण किती वर्षांनी ते अगदी हळू बोलले, ओट्यावर बोलायचे तसं.

“भामऱ्या... हत्तीचं बूच मी जपून ठेवलंय रे.”